देखलं

शाळेच्या फाटकातून आत शिरताना राजनंदिनी जागच्या जागी थबकली. फाटकाशेजारच्या काळ्या फळ्यावर रोज 'आज दिसलेलं फूल' असं पिवळ्या खडूनं लिहिलेलं असायचं. आज त्याच्याखाली पांढऱ्या खडूनं लिहिलं होतं, पिवळा पळस. आणि त्याच्याखाली, पाहिलं कोणी, तर संध्या. बस्स, दोन अक्षरं. उरलेला फळा मोकळाच. राजनंदिनीचं नाव लिहायचं म्हणजे फळ्याची अख्खी रुंदी लागायची, शेवटची 'नी' पार लाकडाच्या चौकटीला जाऊन टेकायची, आणि तिला ते भयंकर आवडायचं. घरापासून ती आज 'भुईरिंगणी, भुईरिंगणी' असं घोकत आली होती. रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या पाइपांच्या ढिगामागं, काट्यांच्या पसाऱ्यात बसलेलं एक जांभळं फूल तिनं काल हेरलं होतं. मधोमध पिवळे केसर असे, की जांभळ्या साडीवर कुणाच्या हातून हळद सांडली असावी. आता ते नाव जिभेवरच बसून राहिलं, काट्यांसकट. पळस तर ती लहानपणापासून बघत आली होती. केशरी पळस, लालभडक पळस, धुळीनं मळून विटकरी झालेला पळस. पण पिवळा? पिवळा तिनं कधी पाहिला नव्हता. तिनं पाहिला नव्हता आणि संध्यानं पाहिला होता, एवढीच तर गोष्ट होती. एवढ्याशा गोष्टीनं कान इतके गरम का व्हावेत?

हा फळा म्हणजे तिचा फळा होता. तसं कुणी म्हणालं नव्हतं, पण होता. संक्रांतीनंतर सत्यशीला मॅडमनी तो फाटकाशी टांगला. जीवशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना पुस्तकातल्या जास्वंदीचा कंटाळा आला होता म्हणे. नियम दोनच. तोडायचं नाही आणि फोटो काढायचा नाही. "सगळ्यांकडे मोबाईल नाहीत. डोळे आहेत. बघा आणि नाव सांगा. मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवणार," असं मॅडम म्हणाल्या होत्या. त्या दिवसापर्यंत राजनंदिनी म्हणजे 'हजर' इतकं हळू म्हणणारी मुलगी, की हजर असून तिची गैरहजेरी लागायची. आणि मग एका दुपारी शाळेच्या मागच्या भिंतीवर चढलेल्या वेलाकडे बोट दाखवून मॅडम म्हणाल्या, हे पांढरं फूल एक आणि ते गुलाबी दुसरं, तेव्हा कुठून तिला अवसान आलं कोण जाणे, ती उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, दोन न्हाईत ते. एकच हे. वाघाटी. ताजं असलं की पांढरं, शिळं झालं की गुलाबी." मॅडम वेलाजवळ गेल्या, बराच वेळ बघत राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर ही अशी रुंदीभर राजनंदिनी! तेव्हापासून तिचा आवाज जो सुटला तो सुटलाच. ती वेणी वर बांधायला लागली. रिक्षावाल्याला "काका, जल्दी घ्या ना" म्हणायला लागली. रुई, पिवळा धोत्रा, तरवड, करंजाचा बारीक जांभळट सडा, दवाखान्याच्या कुंपणावरची घाणेरी, कुणाच्या तरी गॅलरीतून बाहेर डोकावणारी मधुमालती, काय काय तिनं त्या फळ्यावर चढवलं. शहरभर फुलं होती आणि ती सगळी जणू तिला बघूनच हात वर करत होती. वाटलं होतं, हे असंच चालणार.

खरं तर ही नजर तिला कशी आली, ते तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. टेंभुर्णीला आईचं माहेर. फाल्गुनात पप्पांच्या मोटारसायकलवरून जायचं, आणि राजनंदिनी पुढं टाकीवर, पप्पांच्या दोन हातांच्या मध्ये. तिला डुलकी लागू नये म्हणून पप्पांनी एक खेळ काढला होता. रस्त्यात पहिला फुललेला पळस जो बघेल त्यानं ओरडायचं, 'देखलं!' 'पाहिलं' नाही, 'देखलं'. पप्पांचे वडील तसं म्हणायचे. एकदा का देखलं म्हटलं की ते झाड त्या वर्षापुरतं त्याचं. बाकीच्यांनी बघायचं खुशाल, पण झाड त्याचं. टाकी गरम असायची, मांड्या भाजायच्या, वारा तोंडात शिरून गाल फुगायचे, आणि दूर उतारावर केशरी ठिणगी दिसली रे दिसली की ती इतक्या जोरात किंचाळायची, की पप्पा हसता हसता गाडी हळू करायचे. "घे गं माय, तुह्या नावावर केला." कितीतरी पळस तिच्या नावावर होते! मग आकांक्षा झाली. पहिल्या वर्षी ती आईच्या मांडीवर होती, पण पुढं तिची मान धरली, पाय लांबले, आणि एका फाल्गुनात पप्पांनी तिला उचलून टाकीवर बसवलं. राजनंदिनीला मागं, पप्पांच्या आणि आईच्या मध्ये. समोर काय, तर पप्पांच्या शर्टाची पाठ. घामाचा नि साबणाचा वास, शिवणीची एक सरळ रेघ. आणि त्या पाठीच्या पलीकडून एक बोबडा आवाज, 'देथलं!' आणि पप्पांचं तेच हसणं, अगदी तेच, गाडी तशीच हळू. तिला समोरचं काही दिसायचंच नाही. मग ती मान वळवून बाजूला बघायला लागली. बाजूला पळस नसायचे. बाजूला खालची, बारकी, धुळीतली फुलं असायची, जी टाकीवर बसणाऱ्याला कधी दिसत नाहीत. तिचं सगळं ज्ञान हे असं पाठीमागून आलेलं होतं.

आणि हे सारं तिनं संध्याला शिकवलं होतं. स्वतःहून, हौसेनं, जीव लावून! संध्या बदनापूरहून सकाळच्या पॅसेंजरनं यायची. यंदाच आली शाळेत. तिचे पप्पा तिथल्या शेती संशोधन केंद्रात कामाला. फळ्यावर राजनंदिनीचं नाव आलं त्याच आठवड्यात संध्यानं तिला डब्यातला धपाटा दिला, वर शेंगदाण्याची चटणी, आणि विचारलं, "तुला गं एवढे नावं कसे काय माहीत? मला तर सगळं गवतच दिसतं." राजनंदिनीला केवढं भरून आलं होतं. तिनं संध्याला शाळेच्या मागच्या मैदानात नेऊन खाली उकिडवं बसवलं, दगडी पाला दाखवला, नखाएवढा, पांढऱ्या पाकळ्यांचा. "उभं राहून दिसत न्हाई. बस खाली. आता तिरकं बघ." संध्याला दिसलं तेव्हा राजनंदिनी म्हणाली, "आता म्हण, देखलं." का म्हणाली ती तसं? तो शब्द घरातला होता, मोटारसायकलवरचा होता, तो असा मैदानात काढून द्यायची काय गरज होती? संध्या खळखळून हसली होती. "देखलं! भारी शब्द हे, नंदे." नंदे म्हणणारीपण ती पहिलीच.

आज वर्गात संध्याच्या बाकाभोवती कोंडाळं जमलं होतं. मधोमध संध्या, तिचे हात हवेत. "अगं, बदनापूर सुटलं न्हाई तोच! मी खिडकीला. तारेच्या पलीकडं एक पडकी विहीर हे, तिच्या कडेला. एकटाच उभा. एकपण पान न्हाई अंगावर, नुसता पिवळा, पिवळाधमक, लिंबासारखा! मी अशी ओरडले ना, देखलं! डब्यातल्या सगळ्या बाया दचकल्या. एका आजीचा तर चहाच सांडला. म्हणती, काय झालं गं पोरी, चोर हे का?" मुली हसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "देखलं म्हणजे काय गं?" आणि संध्या म्हणाली, "आमच्यात म्हणतात तसं." आमच्यात! राजनंदिनी दारातच उभी होती. पिवळ्या पळसाचं जाऊ दे. पळस काय, उद्या पांढरा निघेल, निळा निघेल. पण तो शब्द. कुणीतरी आपल्या पाठीवरचं दप्तर न विचारता उघडावं, आतलं खायचं काढावं आणि वर आपल्यालाच 'घे ना' म्हणावं, तसं झालं. संध्यानं तिला बघितलं नि चेहराभर हसून हात केला. "नंदे, ये ना जल्दी! तुला सांगायचं म्हणून मी स्टेशनवरून पळत आले."

"पिवळा पळस नसतो," राजनंदिनी म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याच्यापेक्षा मोठा निघाला. आता तिच्याकडे मोठा आवाज होता ना. "सकाळचं ऊन तोंडावर असलं की केशरीपण पिवळं दिसतं. वरून गाडी चालू. शेवरी असंल, न्हाईतर शिरीष असंल. मॅडम शब्दावर विश्वास ठेवतात म्हणून काहीपण सांगायचं का?"

कोंडाळं एकदम सैल झालं. संध्याचे हात हवेतच राहिले. मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, "हिच्या गोष्टी मोठ्याच असतात तशा. त्या दिवशी म्हणाली रुळावर मोर होता," आणि दुसरी कुणी म्हणाली, "नंदे, जळतीस का गं?" तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. संध्या खाली मान घालून म्हणाली, "मी पाह्यला मॅडम. खरंच पिवळा होता." मॅडम म्हणाल्या, "मग त्यात भांडायचं काय? शनिवारी अर्धी शाळा. ज्यांच्या घरून हो म्हणतील त्यांना घेऊन दुपारच्या गाडीनं जाऊ आणि बघून येऊ. झाड काही पळून जात नाही." आणि जाता जाता, अगदी सहज, "पण संध्या, नसला तर मात्र फळ्यावर तसं लिहावं लागेल हं. फळा खरा राहिला पाहिजे." संध्यानं मान हलवली. तिचे कान लाल झाले होते. ते बघून राजनंदिनीला जे वाटलं ते गोड होतं. पहिल्या घासाला गोड आणि मग घशात चिकटणारं, अर्धकच्च्या केळासारखं.

घरी गच्चीवर कुरडया चालल्या होत्या. वडीगोद्रीहून गिरिजाआत्या डोळे दाखवायला आली होती आणि डोळ्यात थेंब टाकूनही सोऱ्या काही हातातून सोडत नव्हती. आईच्या मोगऱ्याला रंगाच्या डब्यात पहिल्या कळ्या धरल्या होत्या. एरवी राजनंदिनीनं त्यांना बोट लावून 'देखलं' म्हटलं असतं, आज तिला त्या कळ्या तांदळासारख्या दिसल्या. गव्हाच्या गरम चिकाचा आंबूस वास, प्लास्टिकच्या कागदावर पांढऱ्या जाळ्यांची रांग, आकांक्षा कावळे हाकलत बसलेली. "आत्या," ती म्हणाली, "पिवळा पळस खरंच असतो का गं?" सोऱ्या थांबला. आत्यानं मिचमिचे डोळे तिच्याकडे वळवले. "असतो तर! पण दिसत न्हाई सगळ्याला. ज्याच्या नशिबी असंल त्यालाच दिसतो." हे ऐकायला ती आली नव्हती. नशिबी! म्हणजे संध्याच्या नशिबी होतं आणि तिच्या नव्हतं, म्हणजे हेपण पुन्हा टाकीवर कुणाला बसवायचं तसंच होतं, आधीच ठरलेलं. "त्याचं मूळ आणून देवाजवळ ठेवलं ना," आत्या आवाज बारीक करून म्हणाली, "घराला कश्शाची कमी पडत न्हाई म्हणतात. माह्या सासऱ्यानं जन्मभर हुडकला, न्हाई सापडला. का गं? कोणी देखला का काय?" आत्यानंपण तोच शब्द वापरला. राजनंदिनीनं कुरडईची एक तुटलेली तार उचलून तोंडात टाकली. "बदनापूरच्या अलीकडं हे म्हणतात एक." "अलीकडं म्हणजे कुठं? बराबर सांग." आणि तिनं बराबर सांगितलं. रेल्वेची तार, पडकी विहीर, कडेला एकटाच. सांगताना तिला माहीत होतं का? माहीत होतंपण आणि नव्हतंपण. आत्याचा हात पदराला पुसला गेला आणि मोबाईलकडे गेला हे तिनं पाहिलं, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, जसं ती सगळंच पाहायची. "साहेबराव, आरं ऐक," आत्या फोनवर दिराला सांगू लागली, आणि राजनंदिनी उठून कावळे हाकलायला गेली, जिथं कावळा एकही नव्हता. "दीदी," आकांक्षा तिच्या मागं येऊन म्हणाली, "मलापण दाखव ना पिवळा पळस." "मला तरी कोणी दाखवलाय," ती खेकसली, आणि आकांक्षानं तिच्याकडे असं बघितलं, की क्षणभर तिला तो शर्टाच्या पाठीमागचा उकाडा आठवला.

मधले दिवस ती चांगलं वागत होती. हेच अवघड होतं. संध्या रोज धपाटा देत होती आणि ती खात होती. तिच्या घरच्या धपाट्याला असा खरपूसपणा कधी येत नाही, त्याचाही तिला राग यायचा. संध्याचं अक्षर, संध्याच्या रिबिनी, संध्या रेल्वेनं येते म्हणून उशीर झाला तरी कुणी बोलत नाही हे, तिचे पप्पा फोनवर 'जयभीम बेटा, पोचली का?' असं रोज विचारतात हे, सगळं एकेक करून तिच्या डोळ्यात खुपायला लागलं. पूर्वीपण ते सगळं तिथंच होतं. मग आताच कसं टोचायला लागलं? तिला स्वतःचं मन एखाद्या बाभळीसारखं वाटायचं. लांबून पिवळी फुलं, आणि जवळ गेलं की काटाच काटा. आणि संध्या? ती एका मधल्या सुट्टीत नळाशी म्हणाली, "नंदे, असं करू का? मॅडमला सांगू, आपण दोघींनी देखला. तू त्या दिवशी आली होतीस ना आमच्याकडं, तेव्हाच पाह्यला म्हणू. दोघींचं नाव येईल." राजनंदिनीच्या तोंडात पाणी होतं ते तिनं जोरात थुंकलं. "मला नको दान," ती म्हणाली. संध्याला काही कळलं नाही. तिला कळत नव्हतं हेच असह्य होतं. जिच्यावर इतकं जळायचं तिला साधी धगपण लागू नये? आणि तरी आतून एक आवाज म्हणत होता, हो म्हण ना गाढवे, फळ्यावर दोन नावं मावतात. पण तिला अर्धा फळा नको होता.

शनिवारी गाडीत संध्यानं तिलाच खिडकी दिली. संध्याला स्वतःला गेले दोन दिवस गर्दीत खिडकी मिळाली नव्हती, झाड दिसलंच नव्हतं. बाकीच्या मुली मागून रेलून उभ्या, मॅडम दाराजवळ, सगळ्यांना बजावत की हात बाहेर काढू नका. हरभरा निघून गेलेली काळी रानं, मधूनच करडईचा भगवा पट्टा, विहिरींवर पाकोळ्या. उन्हात तापलेल्या लोखंडाला येतो तसा वास गजांना येत होता. "आता येईल," संध्या तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून म्हणत होती, "ती टाकी गेली ना, मंग विहीर, मंग लगेच. आता येईल. बघ हं." तिचा श्वास राजनंदिनीच्या कानावर येत होता, गरम आणि भरवशाचा. पाण्याची टाकी गेली. विहीर आली. विहिरीच्या कडेला एक झाड उभं होतं, आणि त्याच्यावर काही नव्हतं. काळपट, वेडंवाकडं, नागडं झाड. गाडी कुणासाठी थांबत नाही, ते झाड आलं आणि मागं गेलं. कानावरचा श्वास थांबला. "हेच का?" कुणीतरी विचारलं. "न्हाई... हो... हेच होतं," संध्या म्हणाली. मागं खसखस पिकली. "पिवळा गेला आणि काळा आला गं बाई."

बदनापूरला संध्याचे पप्पा दोन रिक्षा घेऊन उभे होते. "जयभीम मॅडम, चला, उन्हाचं डोक्याला बांधा पोरींनो." ते इतके खुशीत होते. लेकीनं काहीतरी शोधलं म्हणून ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत फिरले असणार, हे त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावरूनच कळत होतं. संध्या त्यांच्याकडे बघत नव्हती. रिक्षा बांधापर्यंत गेल्या, पुढं ढेकळांतून चालत. सगळे झाडाजवळ पोचले. हात पोचेल तिथपर्यंतच्या फांद्या मोडलेल्या. त्याच्यावरच्या आकडा लावून ओढलेल्या, साल सोलून लोंबणारी. खाली चुरगळलेल्या पाकळ्या होत्या, पण उन्हानं करपून सगळ्या चहाच्या चोथ्यासारख्या झालेल्या, त्यांचा मूळचा रंग कुणीच सांगू शकलं नसतं. "पोरांनी धुळवडीच्या रंगाला फुलं नेली असतील," मॅडम म्हणाल्या, "दरवर्षी ओरबाडतात." म्हणजे साधाच पळस. साध्या पळसाचं असंच होतं. मुलींनी एकमेकींकडे बघितलं. "कोणताय म्हणायचा मंग रंग?" "चष्म्याचा नंबर काढ गं संध्ये." संध्याच्या पप्पांनी खाकरून घसा साफ केला आणि रुमाल काढून कपाळ पुसलं. "न्हाई मॅडम," ते म्हणाले, "खोटं न्हाई बोलत ती." पण त्यांनी स्वतः काही तो पाहिला नव्हता, आणि ते त्यांनाही आठवलं असावं, कारण त्यांनी तोच रुमाल पुन्हा कपाळावरून फिरवला. संध्या झाडाला हात लावून उभी होती, वर बघत, नुसती वर बघत.

राजनंदिनी मात्र खाली बघत होती. बुंध्याच्या मागच्या बाजूला खड्डा होता. ताजा, कुदळीचे दात दिसणारा. आत एक मूळ तोडलेलं, तोडलेल्या ठिकाणी ओलं, लालसर, सोललेल्या गुडघ्यासारखं. धुळवडीचा रंग मुळातून निघत नाही. हे इथं फक्त तिला माहीत होतं. खड्ड्याशेजारी एक हळद लागलेलं लिंबू पडलं होतं. तिनं ते बुटाखाली घेतलं. तिला वाटलं होतं की आपल्याला आता रडू येईल, किंवा निदान धडधडेल. पण तिच्या डोक्यात जे आलं ते भलतंच होतं. म्हणजे पिवळा होता तर. खरंच पिवळा होता, आणि मी पाहिला नाही. जगात होता तो, या इथं, आणि माझ्याआधी तिला दिसला, आणि आता कुणालाच दिसणार नाही, म्हणजे तो कायमचा तिचाच राहणार. सोमवारी फळ्यावर 'नव्हता' असं लिहिलं, सगळ्या शाळेनं तिला खोटारडी म्हटलं, तरी तिच्या डोळ्यांच्या मागं तो पिवळाधमक उभाच राहणार. तिथून कसा ओरबाडायचा? सगळ्या मुली माना वर करून फांद्या न्याहाळत होत्या आणि हिच्या नजरेसमोर फक्त पाठी, घामेजलेल्या युनिफॉर्मच्या पाठी, शिवणीच्या सरळ रेघा. तिनं सवयीनं मान वळवली. बाजूला.

विहिरीच्या पडक्या कठड्यामागं बाभळीचं दाट काटवण होतं. पळसाची एक खालची फांदी त्या काट्यांत शिरली होती, कुणाचा हात पोचणार नाही इतकी आत. काट्यांच्या करड्या जाळीमध्ये, दगडी पाल्याच्या उंचीवर, उभ्यानं दिसणार नाही अशा जागी, काहीतरी होतं. ती गुडघे वाकवून खाली झाली. चोची. वाकड्या, मऊ, लिंबाच्या सालीच्या रंगाच्या चोची, मखमली कळ्यांच्या वर एकावर एक, एक अख्खा घोस. एक बारका काळा पक्षी तिथं उलटा लटकून रस पीत होता. कुणीही बघितलं नव्हतं. गप्प बसायचं तर आत्ताच. मॅडम "चला" म्हणतील, ढेकळांतून रिक्षापर्यंत जायचं, आणि हा घोस एकट्या तिचा. संध्याला कधीही कळणार नाही. असं सगळं तिनं विचार करून ठरवलं असतं, पण त्याला वेळ लागला असता. आणि तेवढ्या वेळात आणखी कुणी वाकलं असतं, आणखी कुणी बघितलं असतं, ती मागच्या बाकावरची, किंवा संध्याच, पुन्हा संध्या! तिच्या मांड्यांखाली टाकी तापली, तोंडात वारा भरला, आणि घशातून तो शब्द तिला न विचारताच सुटला.

"देखलं!"

पाखरू उडालं. सगळ्या पाठी एकदम वळल्या, त्यांचे चेहरे झाले. "कुठं? कुठं?" आणि सगळ्यांत पुढं संध्या, धावत, ढेकळांवर ठेचकाळत. "कुठं गं नंदे? मला न्हाई दिसत!" "उभं राहून न्हाई दिसत. बस खाली." ती बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून दिसत नसावं. राजनंदिनीनं तिची हनुवटी चिमटीत धरली, जरा जास्तच घट्ट, आणि तिचं तोंड वळवलं. "तिरकं बघ." मग तिचा चेहरा आतून उजळत गेला, अगदी राजनंदिनीच्या बोटांमध्ये. मॅडम साडी आवरून उकिडव्या झाल्या आणि "अगं बाई, अगं बाई," एवढंच म्हणत राहिल्या. मागच्या बाकावरच्या मुली एकमेकींच्या खांद्यांवर ओणवून बघत होत्या. संध्याच्या पप्पांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि तो पुन्हा काढला.

"मग आता फळ्यावर नाव कुणाचं लिहायचं?" मॅडमनी हसत विचारलं, आणि राजनंदिनी लगेच, तेवढ्यातही, पुढं सरसावली. पण तिनं तोंड उघडायच्या आत संध्या उठून उभी राहिली होती. तिनं दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि मोकळ्या रानाकडे, रुळांकडे, ऐकायला कुणीही नव्हतं तिकडे बघून पूर्ण ताकदीनं ओरडली, "राजनंदिनीनं देखलं! राजनंदिनीनं!" तिनं ते पाच अक्षरी नाव रुंदीभर घेतलं, एकही अक्षर न खाता. राजनंदिनी ऐकत राहिली. आनंद व्हायला हवा होता, आणि कुठंतरी झालापण असेल. पण तिला जे स्पष्ट जाणवलं ते दुसरंच होतं. एवढ्या मोठ्यानं, एवढं सहज, दुसऱ्याचं नाव घेता येणं. हे तिनं संध्याला शिकवलं नव्हतं. हे तिचं तिच्याकडेच होतं. आणि त्याचा, पिवळ्या पळसाच्या कितीतरी पट जास्त, तिला हेवा वाटला. सगळ्या जणी घोसाकडे बघत होत्या. ती उठून झाडामागं गेली आणि बुटानं खड्ड्यात माती लोटू लागली, त्या ओल्या मुळावर, हळूहळू, आवाज न करता.